सात सेंटिमीटर हाड गेलंय, ते टिश्यू इंजिनिअरिंगनं परत येईल का?

प्रश्न हडपसरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या भावाला, वय ३४, सोलापूर रोडवर यवतच्या अलीकडे डंपरनं उडवलं. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. चुरा झालेले, मातीत लोळलेले तुकडे पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढून टाकावे लागले. त्याला आता अडीच महिने झालेत. पायाला बाहेरून फिक्सेटर, म्हणजे पिनांनी हाड धरून ठेवणारी चौकट आहे, प्लास्टिक सर्जननी पोटरीचा स्नायू फिरवून जखम झाकलीय, आणि मधलं ७ सें.मी. हाड नाही. एका डॉक्टरांनी रिंग लावायला सांगितलं. दुसऱ्यांनी आधी सिमेंट आणि मग ग्राफ्ट, म्हणजे कमरेचं हाड घेऊन पोकळीत भरणं, असं दोन टप्प्यांत करायला सांगितलं. तिसऱ्या एका सेंटरनं सांगितलं, की टिश्यू इंजिनिअरिंगनं स्टेम सेलपासून नवीन हाड तयार करतो, कमरेला हात लावावा लागत नाही. आणि साडेसहा लाखांचा आकडा दिला. ताई विचारतात, हे खरंच होतं का? होत असेल तर बाकीचे दोघं जुन्याच पद्धती का सांगतायत?

ताई, आधी थोडक्यात सांगतो. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या सिरॅमिकच्या ठोकळ्यात भरून मोठी पोकळी सांधल्याची उदाहरणं जगात आहेत आणि ती खरी आहेत. पण ती फार थोडी आहेत. तुमच्या भावाच्या पायासाठी आज पैसे मोजून घ्यावा, असा तो उपचार झालेला नाही. तुम्हाला सांगितलेल्या बाकीच्या दोन पद्धती मात्र जुन्या म्हणून बाजूला ठेवण्यासारख्या अजिबात नाहीत. या शास्त्रातलं जे आज भरवशानं चालतं, ते त्या दोन पद्धतींतच आहे. हाड तिथं रुग्णाच्या स्वतःच्या पायात वाढतं. असं का, हे एकदा कळलं की निर्णय घेणं सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाड हा शरीरातला विलक्षण भाग आहे. कातडी कापली की व्रण राहतो, हृदयाचा स्नायू मेला की तिथं चट्टा राहतो. हाड मात्र मोडलं की पुन्हा हाडच तयार होतं. मोडल्या जागी रक्त साकळतं, त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्याबरोबर पेशी येतात, आधी मऊ आणि मग कठीण कॅलस, म्हणजे नव्या हाडाची गाठ धरते. पुढे वर्ष-दोन वर्षं शरीर त्या कॅलसला तासून मूळ आकारात आणत राहतं. पण हे किती अंतर ओलांडू शकतं याला मर्यादा आहे. मोठ्या माणसाच्या नडगीत साधारण २ सें.मी.हून जास्त लांबीचा तुकडा गेला आणि घेरही निम्म्याहून जास्त गेला, तर ती पोकळी आपोआप भरेल अशी आशा धरता येत नाही. हाडाची टोकं गोल होऊन बंद होतात आणि मध्ये चिवट तंतुमय ऊती भरते. नडगीची अडचण आणखी वेगळी. तिच्या पुढच्या-आतल्या बाजूला स्नायू नाहीच. बोट फिरवून बघा, कातडीखाली थेट हाड लागतं. त्यामुळे अपघातात तेच उघडं पडतं, आणि त्याचा रक्तपुरवठाही तिथंच सगळ्यात आधी तुटतो.

हाड भरून यायला काय काय लागतं, ते इंग्लंडमधल्या लीड्सचे सर्जन जियानौडिस यांनी २००७ साली एका चौकटीत मांडलं. हाड तयार करणाऱ्या पेशी, त्यांना धरून वाढायला सांगाडा, त्यांना कामाला लावणारे रासायनिक संदेश, आणि जागा हलू न देणारी पक्की बांधणी. टिश्यू इंजिनिअरिंगवरच्या जाहिराती बहुतेक वेळा पहिल्या तिघांबद्दल बोलतात, त्यातही पेशींबद्दल जास्त. मोठ्या पोकळीचे रुग्ण इतकी वर्षं बघितल्यावर माझं ठाम मत असं झालंय, की आपल्याकडे कमी पडतो तो रक्तपुरवठा. पेशी मिळवता येतात, सांगाडा विकत मिळतो, संदेश देणारी प्रथिनंही बाटलीत मिळतात. रक्तवाहिन्या विकत मिळत नाहीत.

आकड्यांत बघा. पेशी जगायची तर सगळ्यात जवळची केशवाहिनी साधारण ०.१ ते ०.२ मि.मी.च्या आत लागते. तुमच्या भावाची पोकळी ७० मि.मी. लांब आणि अंदाजे २५ मि.मी. जाड आहे. तिच्यात लाखो पेशी भरलेला ठोकळा बसवला, तर कडेच्या पेशी जगतात. मधल्या पेशींपर्यंत नवीन वाहिन्या पोचायला आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ ऑक्सिजनशिवाय त्या तग धरत नाहीत. पुण्याच्या कडेला नव्या सोसायट्यांत माणसं आधी राहायला येतात आणि पाण्याची लाइन मागाहून येते. माणसं टँकरवर दिवस काढतात. पेशींना टँकर मिळत नाही. चुकून एखादं बी रुजावं तसं कडेकडेनं थोडं हाड धरतं आणि मध्ये मेलेला गाभा राहतो. तो गाभा नुसता निरुपयोगी नसतो. उघड्या फ्रॅक्चरमध्ये जंतूंना घर करायला तीच जागा मिळते.

या विषयाचा इतिहास वाचला तरी हेच दिसतं. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं, की हाडातलं कॅल्शियम काढून उरलेला भाग प्राण्याच्या स्नायूत ठेवला तर स्नायूत हाड तयार होतं. म्हणजे हाडात असं काहीतरी आहे जे आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावतं. त्या प्रथिनालाच पुढे बीएमपी हे नाव मिळालं. त्याच काळात मॉस्कोत फ्रीडेन्स्टाइन यांनी बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या, काही पेशी हाड तयार करू शकतात हे सिद्ध केलं. आज 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हणून ज्याची एवढी चर्चा होते, त्याची मुळं तिथं आहेत.

मग २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. नडगी, कोपराखालचा हात आणि दंड यांच्या हाडात ४ ते ७ सें.मी.ची पोकळी होती. रुग्णाच्याच बोन मॅरोतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, सच्छिद्र हायड्रॉक्सीअपॅटाइटच्या (हाडातल्या खनिजासारख्या सिरॅमिकच्या) ठोकळ्यावर पेरल्या आणि तो ठोकळा बसवला. हाडं सांधली. सहा-सात वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही ती टिकून होती, आणि तोवर रुग्ण चार झाले होते. हे काम सच्चं आहे आणि आमच्या क्षेत्रात त्याचा मान आहे. पण एवढं चांगलं निघूनही पुढे ते रोजच्या वापरात आलं नाही. दरवेळी एका रुग्णासाठी आठवडेच्या आठवडे निर्जंतुक प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या, त्यांची तपासणी करायची, खर्च सोसायचा, आणि शेवटी बाकीच्या पद्धतींपेक्षा हे सरस ठरतं असा पुरावा पुरेशा रुग्णांत मिळायला हवा. तो मिळालेला नाही.

मला त्याहून जास्त शिकवून गेलेलं काम २००४ सालचं, जर्मनीतल्या कीलचं. कॅन्सरमुळे जबड्याचं ७ सें.मी.हून जास्त हाड गेलेला रुग्ण. तिथल्या सर्जननी टायटॅनियमच्या जाळीचा जबड्याच्या आकाराचा साचा केला, त्यात हाडाच्या खनिजाचे ठोकळे, बीएमपी-७ आणि रुग्णाचाच बोन मॅरो भरला. मग तो साचा थेट जबड्यात न बसवता रुग्णाच्या पाठीच्या मोठ्या स्नायूत सात आठवडे ठेवला. स्नायूतल्या रक्तवाहिन्या त्यात शिरल्या, हाड धरू लागलं, आणि मग तो स्नायू आणि रक्तवाहिन्यांसकट उचलून जबड्यात बसवला, वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. म्हणजे एवढी प्रगत तंत्रं हाताशी असणाऱ्यांनीही आधी रक्ताची सोय केली.

संदेश देणाऱ्या प्रथिनांबद्दल थोडक्यात. बीएमपी-२ हे औषध अमेरिकेत २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी मंजूर झालं, ते ४५० रुग्णांच्या एका चांगल्या अभ्यासावर. पण त्या अभ्यासात मुख्यतः मोडलेली हाडं होती, ७ सें.मी.च्या पोकळ्या नव्हत्या. शिवाय हे ताकदीचं औषध आहे. मानेच्या मणक्यात वापरल्यावर जिवावर बेतणारी सूज आल्याचे प्रकार झाले आणि २००८ साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. नको तिथं हाड धरणं हाही त्याचा दोष. महागही फार. मी ते सरसकट सुचवत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन टप्प्यांच्या ऑपरेशनकडे येतो. मला यावर जास्त लिहायचंय, कारण लोक ऐकतात 'सिमेंट भरणार' आणि घाबरतात. ही पद्धत फ्रान्सच्या मास्केले यांची, १९८६ सालापासूनची. पहिल्या टप्प्यात मेलेलं आणि संशयास्पद वाटणारं सगळं हाड काढायचं, रक्त येणारी टोकं दिसेपर्यंत. मग त्या पोकळीत हाडांच्या ऑपरेशनमध्ये वापरतात त्या सिमेंटचा, अँटिबायोटिक मिसळलेला ठोकळा ठेवायचा, तोही हाडाच्या दोन्ही टोकांवर थोडा चढेल असा. हाड पक्कं बांधायचं. वर जिवंत स्नायू आणि कातडी हवी, जी तुमच्या भावाला आधीच मिळालीय. मग वाट बघायची. शरीर त्या सिमेंटला परकं समजून त्याच्याभोवती एक पडदा तयार करतं.

चार ते आठ आठवड्यांनी दुसरा टप्पा. तो पडदा उघडताना मी नव्या डॉक्टरांना नेहमी जवळ बोलावतो. जेमतेम एक मि.मी. जाडीचा, गुळगुळीत, गुलाबीसर पडदा असतो. उभा छेद घेतला की त्याच्या कडेतून बारीक बारीक रक्त पाझरतं. ते रक्त बघितलं की समाधान वाटतं, कारण ज्या जागी काही महिन्यांपूर्वी माती आणि चुरा होता तिथं आता रक्तवाहिन्यांनी भरलेली नळी तयार आहे. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा या पडद्यात नव्या वाहिन्या वाढवणारी आणि हाड तयार करायला लावणारी प्रथिनं सापडली, बीएमपी-२ सुद्धा. बाटलीतून महाग विकत घ्यायची ती वस्तू शरीर इथं स्वतः तयार करतं, योग्य जागी आणि योग्य मात्रेत. सिमेंटचा ठोकळा छिन्नीनं तोडून तुकड्यातुकड्यांनी काढायचा, पडदा फाटू द्यायचा नाही. दोन्ही टोकांची हाडाची नळी पुन्हा उघडी करायची. मग पडद्याच्या नळीत रुग्णाचं स्वतःचं स्पंजसारखं हाड बारीक करून सैलसर भरायचं आणि पडदा शिवून टाकायचा. ठासून भरायचं नाही, वाहिन्यांना शिरायला जागा लागते.

कमरेचं हाड का लागतं, याचं उत्तर यातच आहे. त्या दाण्यांत जिवंत पेशी असतात, सांगाडा असतो आणि प्रथिनंही असतात, तिन्ही एकत्र. दाणे लहान असल्यानं पडद्यातल्या वाहिन्या लवकर आतपर्यंत पोचतात. अजून तरी कारखान्यात तयार झालेली कुठलीही वस्तू या तिन्हींची बरोबरी करत नाही. ७ सें.मी.साठी साधारण ४० ते ५० मि.लि. ग्राफ्ट लागतो. एका बाजूच्या कमरेतून, तोही पुढून काढला, तर तो सहसा पुरत नाही. दोन्ही बाजूंनी किंवा मागून घ्यावा लागतो. काही मोठ्या हॉस्पिटलांत मांडीच्या हाडाच्या पोकळीतून धुऊन ग्राफ्ट गोळा करणारं यंत्र आहे. त्यातून चांगला ग्राफ्ट मिळतो आणि कमरेचं दुखणंही टळतं, खर्च मात्र वाढतो. थोडा कमी पडला तर सिरॅमिकच्या दाण्यांची किंवा टिश्यू बँकेतल्या हाडाची भर घालता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ सालापासून टिश्यू बँक आहे, तिथं दान केलेलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं हाडात भरायचं जैवसक्रिय सिरॅमिक आपल्याकडेच विकसित केलंय. पण ही भर असते. मी ती एक तृतीयांशाच्या वर जाऊ देत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेली रिंग म्हणजे इलिझारोव्ह, पायाभोवती बाहेरून बसवायची कड्यांची चौकट. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गॅव्हरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली. युरोपात पोचायला १९८० उजाडलं. नडगीच्या निरोगी भागात कातडी फारशी न उघडता हाड कापायचं, आठवडाभर थांबायचं, आणि मग तो कापलेला तुकडा दिवसाला १ मि.मी. वेगानं पोकळीतून पुढे सरकवायचा. नट रुग्ण किंवा घरचं माणूसच फिरवतं, दिवसातून चार वेळा, दरवेळी पाव मि.मी. तुकड्याच्या मागं ताणल्या जाणाऱ्या जागेत नवीन हाड आणि त्याबरोबर नव्या रक्तवाहिन्या तयार होत जातात. ग्राफ्ट फारसा लागत नाही, आणि संसर्ग असलेल्या पायात तर हा माझा पहिला विचार असतो. तोटा वेळेचा. ७० मि.मी. सरकवायला ७० दिवस, आणि ते हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. दर सें.मी.ला एक ते दीड महिना असा हिशोब धरला तर तुमच्या भावाला रिंग सात ते दहा महिने राहील. पिनांच्या जागा रोज साफ कराव्या लागतात, घोटा खाली ओढला जाऊ नये म्हणून व्यायाम करावे लागतात, आणि तुकडा पलीकडच्या टोकाला पोचला तरी तिथं तो नीट जुळायला कधीकधी छोटं ऑपरेशन करून ग्राफ्ट घालावा लागतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर त्या टप्प्यावर घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं.

आणखीही एक मार्ग आहे जो तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. दुसऱ्या पायातलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून पोकळीत बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या जोडायच्या. मेलबर्नच्या इयान टेलर यांनी १९७५ साली हे प्रसिद्ध केलं. पोकळी फार लांब असेल, पायाचं मांसही गेलं असेल तर हा विचार करतात. ७ सें.मी.साठी आणि चांगला स्नायू वर असताना मी सहसा त्या वाटेला जात नाही.

मग तुमच्या भावासाठी काय? जंतुसंसर्ग नाही असं खात्रीनं म्हणता आलं, तर दोन टप्प्यांची पद्धत त्याला लवकर कामाला लावेल असं मला वाटतं. पस येऊन गेला असेल, फिक्सेटरच्या पिनांभोवती चिघळत असेल, किंवा सूज आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) खाली येत नसेल, तर रिंग. एक्स-रे आणि पाय प्रत्यक्ष न बघता याहून ठाम बोलणं बरोबर होणार नाही. दोन्ही डॉक्टर तुम्हाला योग्यच सांगतायत. ज्यांच्या हाताखालून त्या पद्धतीचे जास्त रुग्ण गेलेत त्यांच्याकडे जा.

पेशींचा खरा उपयोग कुठं, हेही सांगायला हवं, नाहीतर मी सगळंच नाकारतोय असं वाटेल. बोन मॅरो काढून, त्याच ऑपरेशनमध्ये यंत्रात फिरवून दाट करून, तो ग्राफ्टच्या दाण्यांत मिसळणं हे मी करतो, विशेषतः ग्राफ्ट कमी असेल तेव्हा. पॅरिसच्या अर्निगू यांनी २००५ साली न जुळलेल्या, संसर्ग नसलेल्या नडगीच्या ६० रुग्णांत नुसता दाट केलेला मॅरो सुईनं सोडला आणि ५३ जणांची हाडं जुळली. ज्यांची जुळली नाहीत त्यांच्या मॅरोत कामाच्या पेशी कमी होत्या. या अभ्यासातले रुग्ण मोठ्या पोकळीचे नव्हते, हे मात्र विसरू नका. आणि मॅरो कसा काढला यावर खूप अवलंबून असतं. एकाच जागेवरून मोठी सिरिंज भरली तर पहिल्या काही मि.लि.नंतर येतं ते निव्वळ रक्त. म्हणून लहान सिरिंज, दरवेळी दोन-चार मि.लि., सुई फिरवून आणि जागा बदलून. कामाच्या पेशी मॅरोतल्या दर दहा हजार ते एक लाख पेशींत एखादी, एवढ्या विरळ असतात. हात आखडता घेतला तर हाती काहीच लागत नाही. पीआरपी, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन, हे यापेक्षा वेगळं. त्यात हाड तयार करणाऱ्या पेशी नसतात आणि ७ सें.मी.च्या पोकळीत त्याचा भरवसा धरू नये.

पुण्यातले रुग्ण हटकून विचारतात, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे, पाषाणला एनसीएल आहे, तिथं आमच्या पेशी वाढवून मिळतील का? त्या संस्था संशोधनाच्या आहेत. एनसीसीएस पेशींवरच्या संशोधनाचं देशातलं महत्त्वाचं केंद्र आहे आणि पेशींचे नमुने देशभरच्या संशोधकांना पुरवतं. एनसीएल या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पॉलिमरवर मोठं काम होतं. आपल्या शहरात हे होतं याचा मला अभिमान आहे. पण तिथं रुग्णावर उपचार होत नाहीत, आणि कोणी त्या संस्थांचं नाव सांगून उपचार विकत असेल तर आधी संस्थेत फोन करून खात्री करा.

पुढं काय येऊ घातलंय? माझी आशा थ्री-डी प्रिंट केलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या सांगाड्यांवर आहे. सीटी स्कॅनवरून पोकळीच्या नेमक्या आकाराचा, ०.३ मि.मी.हून मोठ्या आरपार छिद्रांचा सांगाडा छापायचा. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला यावर बरंच काम झालंय. तिथं मेंढ्यांच्या नडगीपासून सुरुवात करून ते आता माणसांपर्यंत आलेत, आणि मोठ्या पोकळीत त्यांनी सांगाड्याबरोबर वाहिन्या असलेली रुग्णाचीच ऊती जोडून दिली. पुन्हा रक्तच. आपल्या मुलांच्या पिढीला कदाचित कमरेचा ग्राफ्ट लागणार नाही. तुमच्या भावाचा पाय तेवढा थांबू शकत नाही.

आता त्या साडेसहा लाखांबद्दल. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०१७ साली स्टेम सेलबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट आहे की रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा. पुढे एखाददुसऱ्या पेशी-उत्पादनाला परवानगी मिळाली, जसं २०२२ साली गुडघ्याच्या झिजेसाठी. पण अशी परवानगी त्या आजारापुरती असते, तिच्यावर नडगीची पोकळी भरता येत नाही. ट्रायल असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, इंटरनेटवर कोणालाही बघता येते. ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार आणि भरपाई द्यावी लागते. म्हणून त्या सेंटरला तीन गोष्टी लेखी मागा: सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीची मंजुरी, आणि ५ सें.मी.हून मोठ्या पोकळीच्या रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे एक्स-रे. आणि तोंडी एकच प्रश्न विचारा, मधल्या पेशींना रक्त कुठून मिळणार? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर पुढं बोलण्यात अर्थ नाही.

हे मी नुसतं नियमांकडे बोट दाखवून लिहीत नाही. असा खर्च करून आलेला एक तरुण माझ्याकडे येऊन गेलाय. एक्स-रेत सिरॅमिकचे दाणे जसेच्या तसे, हाडाची दोन्ही टोकं गोल, फिक्सेटरचा एक पिन ढिला, आणि हातानं हलकंसं दाबलं की पाय मधूनच वाकत होता. पेशी चांगल्या होत्या की नव्हत्या, हा प्रश्नच तिथं उरला नव्हता. जागा हलत होती. हलत्या जागेत कोवळ्या वाहिन्या रोज तुटतात, मग तिथं तुम्ही काहीही भरा. त्याची जमवलेली रक्कम गेली होती, आणि संसर्गामुळे आणखी हाड काढावं लागलं. त्याच्या आईचा चेहरा आठवला की मला अजून राग येतो.

आता तुमच्या हातात असलेल्या गोष्टी. भाऊ तंबाखू खातो का, बिडी-सिगारेट ओढतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर आजच बंद, आणि यात मिश्री आणि गुटखाही आला. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. आम्ही तिथं एवढा खटाटोप करून रक्त आणायचं आणि त्यानं ते रोज अडवायचं, असं होऊन चालणार नाही. साखर तपासा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करा. ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल तर भरून काढा. घरात पडून असलेल्या माणसात ते हमखास कमी सापडतं. प्रथिनं भरपूर, अंडी-मासे खात असाल तर उत्तम, नाहीतर डाळ, उसळ, दूध, पनीर रोजच्या रोज. दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवू नका, डॉक्टरांना विचारून घ्या. गुडघा आणि घोटा फिजिओथेरपिस्टकडून रोज हलवून घ्या. हाड उत्तम भरलं आणि घोटा आखडला, तर माणूस लंगडतच चालतो.

खर्चाचं म्हणाल तर ज्या हॉस्पिटलात जाणार तिथं आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मदत कक्षात चौकशी करा, कुठलं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते तिथंच कळेल. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठीच्या राखीव खाटांबद्दल तिथल्या समाजसेवकाला विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. अपघाताचा एफआयआर झाला आहे ना, तेही बघा, मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा करताना उपचारांची प्रत्येक पावती लागते.

आणि कोणाकडेही मत घ्यायला गेलात तरी नुसता शेवटचा एक्स-रे नेऊ नका. अपघाताच्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे, पहिल्या ऑपरेशनची नोंद, त्या वेळी आणि नंतर लावलेल्या जंतूंच्या कल्चरचे रिपोर्ट, कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली ते, आणि सीआरपीचे आकडे तारखेनुसार. पुढचं कल्चर पाठवायचं ठरलं तर त्याआधी अँटिबायोटिक दोन आठवडे थांबवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येतो आणि सगळा अंदाज चुकतो. ते रिपोर्ट हातात आले की रिंग की दोन टप्पे, हे एका भेटीत ठरेल.